पन्नास वाव

दुबईत आमच्या कोकणी मंडळींच्या दावती होतात तेव्हा जेवण उरकल्यावर जुनी माणसे जुन्या दिवसांवर येतात. गोडे पाणी गाढवावरून डब्यांनी यायचे, शारजाहून दुबईला जाताना गाडी वाळूत रुतायची, मे महिन्यात ओली चादर अंगावर घेऊन झोपायचे. मग कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणतो, "ती दोराची गोष्ट सांगा ना." आणि मी सांगतो. वीस वर्षे सांगत आलो आहे. इंग्रजांच्या कॅम्पात धावण्याचा ट्रॅक मी गलबताच्या दोराने कसा मोजला, मॅनेजरसाहेबाने माझी पाठ कशी थोपटली, आणि मडमा बिचाऱ्या शंभर यार्डांच्या नावाखाली जास्तच कशा धावल्या. लोक मांड्या बडवून हसतात. माझी मुले मराठीत फारसे बोलत नाहीत, पण तीसुद्धा "डॅडी, द रोप स्टोरी" म्हणून मागे लागतात.

गेल्या महिन्यात एका दावतीत मी ती पुन्हा सांगितली. हसून झाल्यावर यजमानांची नवी सून, जी चहाचे पेले गोळा करत होती, तिने विचारले, "पण जिंकलं कोण?"

"होती कोणीतरी नर्स," मी म्हणालो.

त्या तीन शब्दांचा मला इतका संताप आला की घरी परतताना मी गाडी नेहमीच्या वळणावरून पुढे नेली. संताप स्वतःचा. पण फक्त स्वतःचाच नाही. त्या हसणाऱ्या सगळ्यांचा, ज्यांनी मला ही गोष्ट विनोद म्हणून जपायला मदत केली त्यांचा, आणि ज्यांच्या हाताखाली मी तेव्हा होतो त्यांचाही. ती गोष्ट जशी झाली तशी मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. आज लिहितो.

साठीच्या दशकातली गोष्ट आहे. मी तेविशीत होतो. शारजाच्या विमानपट्टीपासून थोड्या अंतरावर एका इंग्रज कंत्राटदार कंपनीचा कॅम्प होता, तिथे मी स्टोअरकीपर होतो. नोकरी मला चाचांनी लावून दिली. चाचा म्हणजे रक्ताचे चाचा नव्हेत. ते आमच्याच खाडीकाठचे, माझ्या बाबांचे दोस्त, कॅम्पातले हेडक्लार्क. कॅम्पात तीन मेस होत्या. एक गोऱ्यांची, एक आम्हा हिंदी-पाकिस्तानी कारकुनांची, एक मजुरांची. दवाखान्यातली नर्स यांतल्या कुठल्याच मेसमध्ये जेवत नसे. ती जमैकाची होती. नर्सिंग शिकायला इंग्लंडला गेली आणि पगार बरा म्हणून दोन वर्षांच्या करारावर इथे आली. गोऱ्यांच्या क्लबात तिला कुणी बोलावत नसे. आमच्या मेसमध्ये बाईमाणूस येणे शक्य नव्हते. तिचे ताट दवाखान्यामागच्या खोलीत जाई.

सगळे तिला सिस्टर म्हणत. समोर सिस्टर, आणि पाठीमागे आमची माणसे हबशीण म्हणत. हे लिहिताना मला लाज वाटते, पण तेव्हा मीही म्हणत असे. आम्ही जंजिऱ्याच्या बाजूची माणसे. आमच्या आजे-पणज्यांनी हबशी नवाबाला वाकून सलाम केले. आणि त्याच घरांतले आम्ही सहाशे कोसांवर येऊन एका नर्सच्या रंगावर पान थुंकून हसत होतो.

ती धावते हे मला पहिल्या हिवाळ्यात कळले. सकाळी सहाला मी स्टोअर उघडी. त्या वेळी ती पाण्याच्या टाकीपासून जनरेटरच्या शेडपर्यंत धावत असे. लांब पायजमा, पुरुषी सदरा, डोक्याला रुमाल. पुन्हा चालत टाकीपाशी यायची, पुन्हा धावायची. पंधरा दिवस मी दारातून बघत होतो. मग एक दिवस ती सरळ स्टोअरमध्ये आली आणि तिने एक स्टॉपवॉच माझ्या टेबलावर ठेवले.

"तू रोज बघतोसच," ती म्हणाली. "मग फुकट कशाला बघतोस? हे दाब."

आमचे बोलणे इंग्रजीत चाले. तिचे इंग्रजी गाण्यासारखे वर-खाली जायचे आणि सुरुवातीला मला निम्मेच कळायचे. माझे इंग्रजी ऐकून ती म्हणायची, "मिस्टर स्टोअर्स, तू बोलतोस तेव्हा मला आमच्या पोस्टमास्तरची आठवण येते. तोही सगळं पावती फाडल्यासारखं बोलायचा."

त्या दिवसापासून घड्याळ मी धरू लागलो. टाकी ते शेड किती अंतर होते कुणास ठाऊक, पण आकडा आठवड्याला थोडा थोडा उतरत होता. मधल्या विश्रांतीत ती सांगायची. उसाच्या मळ्याजवळचे गाव. अनवाणी धावून शाळेत पहिली. मग तालुक्याला पहिली. सोळाव्या वर्षी सगळ्या बेटाच्या मुलींमध्ये तिसरी. "पहिल्या दोघींना बूट होते," ती म्हणायची. इंग्लंडमध्ये रात्रपाळी करून सकाळी एका क्लबच्या मैदानावर धावायची, तिथे ती क्लबातल्या सगळ्यांच्या पुढे गेली. पण भावंडांची शाळा होती, पैसे पाठवायचे होते, म्हणून वाळवंटात आली. मैदान सुटले, धावणे तिने सुटू दिले नाही.

दुसऱ्या हिवाळ्याच्या सुरुवातीला तिला घरून पत्र आले. ते तिने मला वाचायला दिले. देशाच्या संघासाठी मुली निवडायच्या होत्या आणि निवड चाचणीला बोलावण्याच्या यादीत तिच्या जुन्या मास्तरांनी तिचे नाव घातले होते. अट एकच होती. शंभर यार्ड, रीतसर भरवलेल्या शर्यतीत, नीट मोजलेल्या ट्रॅकवर, तीन घड्याळांनी, अकरा सेकंदांच्या आत. तसा सह्यांचा कागद जानेवारी संपण्याआधी पोचला पाहिजे. पोचला तर येण्याजाण्याचे भाडे ते देणार होते.

"एवढाच कागद," ती म्हणाली. "बाकी सगळं पायांकडे आहे."

ती मॅनेजरसाहेबाकडे गेली. साहेब मनाने वाईट नव्हता, निदान स्वतःच्या गैरसोयीची वेळ येईपर्यंत तरी नव्हता. कॅम्पाचा वार्षिक खेळांचा दिवस जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असे. त्यात मडमांसाठी शंभर यार्डांची शर्यत घालू, तूही धाव, तो म्हणाला. घड्याळे तो, डॉक्टर आणि दुबईतल्या बँकेचा एक इंग्रज असे तिघे धरतील आणि तिघेही कागदावर सही करतील. मग त्याने मला बोलावून सांगितले, "उद्या संध्याकाळपर्यंत शंभर यार्डांचा ट्रॅक आखून हवा."

स्टोअरमध्ये तेव्हा पोलादी टेप नव्हती. सगळ्या टेपा आणि साखळ्या घेऊन सर्व्हेची तुकडी वाळवंटात गेली होती आणि तीन आठवडे येणार नव्हती. माझ्याकडे एक लाकडी तीनफुटी पट्टी होती. सरळ उपाय असा होता की ती पट्टी जमिनीवर शंभर वेळा ठेवायची. दोन तास लागले असते. पण दोन मजुरांसमोर आणि बघायला जमलेल्या साहेबांसमोर ओणवे होऊन पट्टी सरकवत जाणे मला कमीपणाचे वाटले. मी म्हणालो, "माय फादर वॉज ए सीमन, सर. मी दोराने मोजतो."

बाबा गलबतावर तांडेल होते. आमच्याकडे दोर वावेने मोजतात. दोन्ही हात पसरले की या बोटांच्या टोकापासून त्या टोकापर्यंत एक वाव, म्हणजे सहा फूट. पन्नास वाव म्हणजे बरोबर शंभर यार्ड. हा हिशेब मी बोटांवर न मोजता केला, त्याचा मला किती अभिमान वाटला. स्टोअरमध्ये काथ्याच्या नव्या दोराचे वेटोळे होते. ते मी फरशीवर सैल पसरले, पट्टीने सहा-सहा फूट मोजून लाल दोऱ्याने पन्नास खुणा बांधल्या. मग मैदानावर एका टोकाला एक बलुची मजूर, दुसऱ्या टोकाला दुसरा. दोर वाळूत वाकडा पडत होता. मी ओरडलो, "यल्ला, खेचा." त्यांनी अंगातले सगळे बळ लावून खेचला. दोर तारेसारखा सरळ झाला. सुरुवातीला चुन्याची रेघ, शेवटी चुन्याची रेघ. साहेबाने माझी पाठ थोपटली.

काथ्याचा नवा दोर ताणला की वाढतो. हे आमच्याकडे पोराटोरांना माहीत असते. बाबा नवा दोर दोन माडांच्या मध्ये बांधत, मधोमध दगड लोंबकळत ठेवत, दोन दिवस तसाच राहू देत, आणि त्याचा ताण निघाल्यावरच खुणा करीत. सैल दोरावर खुणा करून मग तो ताणायचा, ही चूक कारकुनाने केली तर समजू शकते. ती मी केली, तांडेलाच्या मुलाने.

दावतीत मी असे सांगतो की चूक मला पुढे तीन आठवड्यांनी कळली. ते खोटे आहे. त्याच संध्याकाळी दोर गुंडाळताना माझ्या हाताला तो वेगळा लागला. बारीक झाला होता. मी दोन खुणा धरून हात पसरले, आणि दुसरी खूण बोटांच्या पलीकडे गेली. मी तो तसाच गुंडाळून मांडणीवर ठेवला. मनात म्हणालो, बोटभर फरक असेल. पन्नास वेळा बोटभर म्हणजे किती, हा हिशेब मात्र मी केला नाही.

खेळांच्या दिवसाआधी आठवडाभर ती त्या ट्रॅकवर सराव करीत होती आणि घड्याळ मी धरीत होतो. पहिल्या दिवशी अकरा पूर्णांक सहा. तिने घड्याळ माझ्या हातून घेऊन हलवून कानाला लावले.

"बंद पडलंय का हे?"

"चालतंय," मी म्हणालो.

"मग मी बंद पडले असेन."

दुसऱ्या दिवशी अकरा पाच. तिने रात्रीचे जेवण बंद केले, अंग हलके व्हावे म्हणून. चौथ्या दिवशी तिने बूट काढून बघितले. पाचव्या दिवशी ती रेघेपलीकडे वाळूत बसली आणि म्हणाली, "टाकीपासून शेडपर्यंत धावताना मला वाटायचं मी आयुष्यात कधी नव्हे इतकी वेगात आहे. मूर्खच मी. माझ्या पायांनी मला दोन वर्षं फसवलं." मी शेजारी उभा होतो. माझ्या तोंडात ते शब्द होते, दोर ताणला गेला असेल. मी म्हणालो, "वाळू मऊ आहे, सिस्टर." ती हसली. "मिस्टर स्टोअर्स, तू चांगला माणूस आहेस."

ते वाक्य मला आजही चावते.

खेळांचा दिवस शुक्रवारी होता. मडमा चार होत्या. दोघी गंमत म्हणून हसत निघाल्या, एकीने मध्येच टोपी सांभाळायला हात वर नेला. सिस्टर त्या दिवशी आखूड चड्डी घालून आली. मजुरांच्या बाजूने शिट्ट्या झाल्या आणि आमच्या बाजूने "तौबा" आणि खिदळणे. ती पिस्तुलाच्या आवाजासाठी वाकली तेव्हा शिट्ट्या चालू होत्या. ती निघाली आणि शिट्ट्या बंद पडल्या. इतकेच मी त्या धावण्याबद्दल सांगू शकतो. मडमा अर्ध्यावर होत्या तेव्हा ती रेघेपार गेली होती.

तीन घड्याळे. अकरा तीन, अकरा तीन, अकरा दोन. साहेबाने अकरा तीन लिहिले, तिघांनी सह्या केल्या, आणि साहेबाने तो कागद तिला बक्षिसाच्या चहाच्या किटलीबरोबर दिला. "छानच धावलीस," तो म्हणाला. अकराच्या वरचा कागद पाठवून उपयोग नव्हता. तिने तो घडी करून किटलीत ठेवला. सकाळचे धावणे मात्र चालू राहिले, आणि घड्याळ मीच धरीत होतो.

सर्व्हेची तुकडी परतली तेव्हा महिना संपायला दहा दिवस बाकी होते. विमानाचे टपाल आठवड्यात पोचे, आणि तार तर त्याच दिवशी. मी दुपारी, सगळे झोपलेले असताना, पोलादी टेप घेऊन एकटा गेलो. एकशे चार यार्ड आणि एक फूट. पुन्हा मोजले. तेच. म्हणजे ती तीन सह्यांच्या त्या दिवशी शंभर यार्ड अकराच्या आत धावून पुढे आणखी चार यार्ड धावली होती.

मी चाचांकडे गेलो. ते खाटेवर पाय पसरून बसले होते. मी सगळे सांगितले.

"मग?" चाचा म्हणाले.

"मग साहेबांना सांगायला पायजे."

"काय सांगणार? की तुम्ही ज्या कागदावर साइन केलंत तो झूठ आहे? बँकवाल्याला, डॉक्टरला पण सांगणार?"

"चूक माझी आहे, चाचा."

"म्हणूनच म्हणतो. चूक तुझी, नोकरी तुझी. तुला लावला कोणी? मी. साहेब काय म्हणेल, तुझ्या माणसाला मोजता येत नाही. मग माझे आणखी चार अर्ज पडलेत गावच्या पोरांचे, ते कुठे जातील?" मग ते हसले. "आणि कोणासाठी रे? त्या हबशिणीच्या टांगांसाठी? तिचं लग्न-बिग्न ठरवतोयस काय तू?"

चाचांनी चहा ओतून पेला माझ्याकडे सरकवला.

"सर्टिफिकेटची कॉपी फाइलला लागली. खलास. चहा पी."

मी चहा प्यालो. हे मी माफी मागण्यासाठी लिहीत नाही, तो चहा मी खरेच प्यालो म्हणून लिहितो. आणि दहा दिवस गप्प राहिलो. बाबांचे डोळे जाऊ लागले होते, घराचे काम अर्धे होते, बहिणीचे लग्न ठरले होते. ही कारणे खरी होती. पण खरी कारणेही माणूस किती सोयीने वापरतो. खरे सांगायचे तर मला भीती नोकरीची कमी आणि हसे होण्याची जास्त होती. तांडेलाच्या पोराला दोर कळत नाही, असे मेसमध्ये जन्मभर ऐकावे लागेल, ही भीती.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मी तिला सांगितले. का सांगितले? महिना संपला होता, आता सांगितल्याने काही होणार नाही, मनावरचे ओझे तेवढे उतरेल. असला माझा प्रामाणिकपणा. ती दवाखान्यात पट्ट्या गुंडाळत होती.

ऐकून तिने हातातली पट्टी पूर्ण गुंडाळली. मग म्हणाली, "कधी मोजलंस?"

"वीस तारखेच्या सुमारास."

"तेव्हा दिवस हातात होते."

"हो."

"आणि तू रोज सकाळी माझ्या शेजारी उभा होतास."

मला वाटले ती रडेल किंवा मला हाकलेल. तिने पट्टी कपाटात ठेवली, हात धुतले आणि म्हणाली, "तार पाठवता येईल. मास्तरांना मी ओळखते. दोन-चार दिवस ते थांबतील. पण तार साहेबाची हवी. चल."

"आत्ता?"

"तू काय आणखी दहा दिवस घेणार?"

साहेबाच्या ऑफिसात चाचा टायपिंगच्या टेबलाशी होते. सिस्टरने उभ्यानेच सांगितले, कमी शब्दांत, आवाज न चढवता. ट्रॅक लांब आहे. मोजून बघा. बरोबर असेल तर मी काही म्हणत नाही. चूक असेल तर एक तार करा.

साहेब अवघडला. त्याने पेन्सिल टेबलावर आपटली. तिघा सभ्य गृहस्थांनी सही केलेला कागद त्याला आता पुन्हा त्याच गृहस्थांपुढे न्यावा लागणार होता. तो म्हणाला, "स्टोअरकीपरने आखलाय, त्यालाच विचारू. सर्व्हेची टेप आल्यावर तू पुन्हा मोजलास का?"

"येस सर."

"बरोबर होता?"

चाचांचे टायपिंग थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, मशीनकडेच पाहत राहिले. सिस्टर माझ्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर शंका नव्हती. एका वाक्यापुरता माणूस खरे बोलेल, एवढी साधी अपेक्षा होती.

"येस सर," मी म्हणालो. "एक्झॅक्टली वन हंड्रेड यार्ड्स."

टायपिंग पुन्हा सुरू झाले. साहेब सिस्टरला समजुतीच्या सुरात म्हणाला की हरणे मनाला लागते, पण दुसऱ्यावर ढकलू नये. हरणे. जी शर्यत तिने अर्ध्या मैदानाने जिंकली तिच्याबद्दल. बाहेर पडताना तिने दार हळूच लावून घेतले.

संध्याकाळी मेसमध्ये चाचांनी माझ्या ताटात स्वतःच्या वाटीतला मटणाचा तुकडा घातला. सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरगा शहाणा झाला." मी खाल्ला तो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टोअर उघडले तेव्हा ती ट्रॅकवर गुडघे टेकून सरकत होती. तिच्या हातात दवाखान्यातली कापडी टेप होती, छाती नि पोट मोजायची, पाच फुटांची. टेप ठेवायची, टोकाशी खिळा टोचायची, पुढे सरकायची. साठ वेळा. मजूर कामावर जाताना थांबून बघत होते. कुणीतरी काही बोलले आणि हसले. तिने मान वर केली नाही. जे दोन तासांचे ओणवे काम मला कमीपणाचे वाटले होते, ते ती करत होती, आणि मी माझ्या दारात खुर्चीवर बसून बघत होतो. शेवटी तिने दवाखान्यातल्या प्लास्टरची पूड ओतून आडवी रेघ काढली. माझ्या चुन्याच्या रेघेच्या चार यार्ड अलीकडे. मग सरळ साहेबाच्या ऑफिसात गेली. दोन मिनिटांत बाहेर आली. विषय संपला आहे, असे साहेबाने तिला सांगितले हे मला चाचांकडून कळले. पुढे चाचा असेही म्हणाले, "टेलरची टेप घेऊन साहेबाला शिकवते," आणि मेस हसली. मीही तोंड वाकडे केले, हसल्यासारखे.

तार गेली नाही. तिने तिसऱ्या दिवशी धावणे पुन्हा सुरू केले, घड्याळाशिवाय. आपल्या पांढऱ्या रेघेपर्यंत धावायची आणि तिथे थांबायची. वाऱ्याने रेघ पुसली की पुन्हा पूड टाकायची.

मार्चमध्ये तिचा करार संपत आला. जायच्या दोन दिवस आधी ती सकाळी स्टोअरमध्ये आली. ऑफिसातल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. तिने स्टॉपवॉच टेबलावर ठेवले.

"धर," ती म्हणाली. "तुला काही बोलायचं नाही. फक्त दाबायचं."

मी तिच्यामागे गेलो. तिच्या पांढऱ्या रेघेपाशी उभा राहिलो. पलीकडे माझी जुनी चुन्याची रेघ अजून पुसट दिसत होती. तिने हात वर केला, मी केला, आणि ती निघाली. दोन हिवाळे मी ते धावणे पाहिले होते, पण असे नाही. ती मोकळी होती. तिच्यापुढे कुठला कागद नव्हता, कुणाची निवड नव्हती. पाय जमिनीला लागत होते की नाही कळत नव्हते. मी दाबले.

दहा पूर्णांक सात.

ती थोडी पुढे जाऊन वळून आली, कमरेवर हात ठेवून.

"किती?"

"दहा सात."

"मोठ्याने."

"दहा सात," मी म्हणालो.

साहेबाचे ऑफिस तिथून चाळीस पावलांवर होते. दार उघडे होते. आत पंखा फिरत होता आणि चाचांच्या टायपिंगचा आवाज येत होता.

"तिथे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने," ती म्हणाली.

मी दाराकडे पाहिले. मी म्हणू शकलो असतो. दोन शब्द होते. त्यांनी आता तिचे काही जुळून आले नसते, चाचणी होऊन गेली होती. पण ती खोटारडी नव्हती हे त्या कॅम्पात निदान एकदा मोठ्याने बोलले गेले असते, आणि तेवढेच तिला हवे होते. मी घड्याळाकडे पाहत राहिलो, जणू आकडा पुन्हा तपासतो आहे.

ती श्वास परत येईपर्यंत थांबली. धावून आल्यावर तिला श्वास यायला किती वेळ लागतो हे मला दोन हिवाळ्यांचे पाठ होते. ती त्याहून खूप जास्त वेळ थांबली. मग तिने माझ्या हातातून घड्याळ घेतले आणि दवाखान्याकडे गेली, कारण आठ वाजत आले होते आणि पायरीवर रोग्यांची रांग लागली होती.